पिकलेलं मीठ

कंपनीच्या अहवालात बाबाच्या मिठागराचा एका ओळीत निकाल लावला होता. 'मीठ उत्पादन बंद, जमीन पडीक.' पाहणी करणारा माणूस पावसाळ्यात येऊन गेला असणार. पावसाळ्यात मिठागर बंदच असतं, एवढंही कोणाला विचारावंसं त्याला वाटलं नाही. की विचारून सोयीचं तेवढंच लिहिलं, देव जाणे. वसईच्या खाडीकाठी कोळशावर चालणारा वीजप्रकल्प आणायचा, तर जागा पडीकच असायला हवी. गावात मीठ पिकवणारा आता एकटा माझा बाबा उरला होता. जयराम, वय शहात्तर. म्हणजे ती ओळ खोटी ठरवायला अख्ख्या गावाकडे एकच साक्षीदार होता, आणि तो माझा बाप होता.

मी गोखिवऱ्याला फ्लॅटमध्ये राहते, शाळेत चित्रकला शिकवते. चित्रकलेच्या बाईंना शाळेत काय किंमत असते ते सांगायला नको. परीक्षा जवळ आली की आमचा तास गणिताला जातो. त्यामुळे प्रकल्पविरोधी समितीच्या बैठकीत संपदाने जेव्हा विचारलं, "विनयाताई, तुम्ही आर्टिस्ट आहात ना? लोकांचं लक्ष जाईल असं काहीतरी करू या की," तेव्हा मी हुरळून गेले. संपदा नालासोपाऱ्याची तरुण वकील, समितीचं सगळं कागदपत्रांचं काम तीच बघायची. मला कोणी आर्टिस्ट म्हटल्याला वीस वर्षं झाली होती. पुढे जे झालं त्यात या हुरळण्याचा वाटा मोठा आहे, म्हणून आधीच सांगून टाकते.

कल्पना माझीच. गावातल्या प्रत्येक घराने एक वस्तू द्यायची, गाव सोडावं लागलं तर मागे राहून जाईल अशी. बाबाच्या आगरातल्या एका वाफ्यात, जिथे पाणी आटून मीठ धरतं तिथे, त्या वस्तू घरात मांडाव्यात तशा मांडायच्या. दोन महिन्यांत त्यांच्यावर मिठाचे खडे चढतील. भिंती नसलेलं एक पांढरंशुभ्र घर उभं राहील. मेमध्ये जनसुनावणीच्या दिवशी अधिकारी जागेची पाहणी करायला येणार होते. त्यांच्यादेखत त्या घरावर कोळशाच्या भुकटीची एक गोण ओतायची. भाषण नाही, घोषणा नाही. पांढऱ्याचं काळं होताना नुसतं बघायला लावायचं.

प्लासिडला फोनवर सांगितलं तर तो लगेच तयार झाला. तो नंदाखालचा, आर्ट कॉलेजात माझ्या वर्गात होता. आता केळीची बाग बघतो आणि नाताळ आला की चर्चसाठी येशूजन्माचा असा गोठा उभारतो की लोक गाड्या करून बघायला येतात. त्याने बांबू आणले, तारा आणल्या, आणि वस्तू पाण्यात कलंडू नयेत म्हणून खाली दगडांची बैठक करून दिली. घरोघर फिरून तेवीस वस्तू जमल्या. लाकडी खुर्ची, पाळणा, कंदील, पाट, पायाने चालवायची शिलाई मशीन, कोणाचं तरी शाळेचं दप्तर.

"मिठात खुर्ची कशाला गो?" बाबाने विचारलं होतं. मी समजावून सांगितलं. त्याला पटलं की नाही कळलं नाही, पण काम म्हटल्यावर तो मागे हटणारा नव्हता. कुठल्या वाफ्यात आटून घट्ट झालेलं पाणी आहे, किती बोटं ठेवायचं, कधी वरून नवं सोडायचं, सगळं त्यानेच बघितलं. मी रोज शाळा सुटली की जायचे. बाबा बांधावर उकिडवा बसलेला असायचा. "आज पान्यानं साय धरलीय बघ," म्हणायचा. आणि खरंच, दुधावर धरते तशी पातळ साय पाण्यावर दिसायची. मग ती तळाला बसायची, मग वस्तूंना चिकटायची. "आता कोनी पाय टाकायचा नाय," एवढा एकच त्याचा नियम. समितीची माणसं फोटो काढायला आली तेव्हा त्यांनाही त्याने बांधावरूनच परत पाठवलं.

लहानपणी मी त्याच्याबरोबर आगरात इतका वेळ कधी बसले नव्हते. तेव्हा मला आगराची लाज वाटायची. वर्गातल्या मुली माझ्या फ्रॉकवरचे पांढरे डाग दाखवून हसायच्या. त्या दोन महिन्यांत ती लाज गेली, हे मात्र खरं.

एकदाच त्याने तोंड वाकडं केलं. एप्रिल संपत आला होता, खुर्चीचे पाय बोटभर जाड झाले होते, पाळण्याच्या कडेवर खडे चमकत होते.

"आनि यावर काळं टाकनार तुम्ही?"

"एकदाच, बाबा. अधिकाऱ्यांसमोर."

"मग या मिठाचं काय?"

"काही नाही. ते वाया जाणार. तेच तर दाखवायचंय ना."

आई शेजारी उभी होती, कमळी तिचं नाव. ती म्हणाली, "मीठ वाया घालवलं तर मेल्यावर पापनीनं वेचावं लागतं." आमच्या घरात ताटाबाहेर चिमूटभर मीठ सांडलं तरी हे ऐकावं लागायचं, आणि आई खाली बसून बोटाने ते टिपून घ्यायची. मी हसले. म्हटलं, "मी वेचेन गं सगळं. माझ्या नावावर लिहा."

त्याच दिवसांत मी बाबाला सुनावणीत काय बोलायचं ते शिकवत होते. सुनावणीत आधी नाव द्यायचं, मग क्रमांक पुकारला की माइकवर जाऊन बोलायचं. माणशी तीन मिनिटं, आणि जे बोललं जाईल ते इतिवृत्तात नोंदलं जाणार. संपदाने बजावून सांगितलं होतं, "बाबांचं बोलणं सगळ्यात महत्त्वाचं आहे. आमची शंभर भाषणं एकीकडे. मीठ पिकवणारा माणूस स्वतः उभा राहून 'आगर चालू आहे' म्हणाला, तर अहवाल तिथेच खोटा पडतो." म्हणून मी तीनच वाक्यं करून दिली होती. मी जयराम. साठ वर्षं इथे मीठ पिकवतो, या वर्षीही पिकवलं आहे. जमीन पडीक नाही, आमची हरकत आहे. बाबा ती वाक्यं बांधावर बसून शाळकरी पोरासारखी घोकायचा, आणि 'हरकत' म्हणताना हात वर करायचा.

सुनावणी शुक्रवारी होती. बुधवारी मी रजा टाकली. प्लासिडच्या स्कूटरवर पुढे कोळशाच्या भुकटीची गोण आणि मागे मी, असे अकराच्या सुमारास आम्ही आगरात पोहोचलो. भुकटी कशी पडते ते कडेच्या एखाद्या वस्तूवर करून बघायचं होतं. पहाटेपासून आभाळ भरून आलं होतं. नैर्ऋत्येला काळं पडलं होतं, वाराही होता. आम्ही पोहोचेपर्यंत ते सगळं पांगलं आणि लख्ख ऊन पडलं.

वाफा रिकामा होता.

तळाशी मीठ ओढायच्या फळीच्या ओल्या खुणा होत्या, एका रेषेत, सरळ. बांधावर मिठाच्या चार राशी घातलेल्या होत्या आणि त्यांवर पेंढा अंथरला होता. पलीकडे माझ्या तेवीसच्या तेवीस वस्तू ओळीने मांडल्या होत्या. एकीवरही मिठाचा कण नव्हता. कोयत्याच्या पाठीने अलगद ठोकून खडे सोडवले होते, मग वस्तू गोड्या पाण्याने धुतल्या होत्या. गावाबाहेरच्या बोअरवेलवरून आईने हंडे वाहिले असणार. शिलाई मशिनीला तेल घातलं होतं. बाबा ती लांब दांड्याची फळी टेकवून उभा होता, आई मीठ वाहायची पाटी उलटी करून तिच्यावर बसली होती. दोघांचेही पाय पोटऱ्यांपर्यंत पांढरे झाले होते. आणि दोघंही माझ्याकडे बघून हसत होती.

"आभाळ उतरलं होतं गो," बाबा म्हणाला. "सगळं विरघळलं असतं. पिकलेलं मीठ. पहाटेपासून लागलो दोघं. एक खडा नाय जाऊ दिला."

पाऊस काही पडला नव्हता.

आमच्या घरात बापाला 'तू' म्हणतात. त्यात अनादर नाही, तशीच रीत आहे. त्या दिवशी मी जन्मात पहिल्यांदा त्याला 'तुम्ही' म्हटलं.

"तुम्हाला कोणी सांगितलं होतं? दोन महिने मी इथे उन्हात मरत होते, ते काय मिठासाठी? तुम्हाला कळत नाही तर हात कशाला लावता? सगळं मातीत घातलंत. परवा अधिकारी येऊन काय बघणार आहेत, तुमचे ढीग? ऐकून ठेवा बाबा, हे गाव गेलं ना, तर ते कंपनीमुळे नाही जाणार. तुमच्यामुळे जाईल."

हे सगळं मी बोलले. रागात माणूस काहीही बोलतो, असं नंतर सगळ्यांनी मला समजावलं. पण मी काहीही बोलले नव्हते. त्याला नेमकं कुठे लागेल ते हेरून बोलले होते.

बाबाने फळी खाली ठेवली. वाफ्याकडे बघितलं, राशींकडे बघितलं. "विरघळलं असतं," एवढंच पुन्हा म्हणाला, पण आता ते मला सांगत नव्हता. आई उठली आणि पाटी घेऊन घराकडे चालू लागली. माझ्याजवळून जाताना थांबलीसुद्धा नाही.

प्लासिड शहाणा माणूस. त्याने गोण स्कूटरवरून उतरवलीच नाही. म्हणाला, "विनया, जरा थांब. अगं, मीठ तर आहे ना! ढीग आहेत. चालू आगर म्हणजे आणखी काय असतं? हेच दाखवू." त्याचं बरोबर होतं. अहवालातल्या त्या ओळीला याहून सरळ उत्तर नव्हतं. मी त्याच्यावरही ओरडले. मला ढीग नको होते. मला माझं पांढरं घर हवं होतं, वर्तमानपत्रात त्याचा फोटो हवा होता, आणि खाली माझं नाव. आज हे लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा मला गावाचं दुःख होतं असंच मी समजत होते.

शुक्रवारी अधिकारी जागेवर आलेच नाहीत. 'वेळेअभावी स्थळपाहणी रद्द' असं सकाळी माइकवरून सांगण्यात आलं. म्हणजे ते पांढरं घर उभं असतं, तरी कोणी बघायला येणार नव्हतं. शाळेच्या मैदानात मांडव होता, पंखे होते, पुढे टेबलामागे तीन अधिकारी आणि कडेला टाइप करणारा एक माणूस. गाव लोटलं होतं. सत्तेचाळिसावा क्रमांक पुकारला आणि बाबा उठला. आईने त्याला लग्नकार्याचा पांढरा सदरा घातला होता, डोक्यावर टोपी. बुधवारनंतर आमचं बोलणं झालं नव्हतं. मी दुसऱ्या रांगेत बसले होते. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. ती वर करून नुसती हलवली असती तरी पुरे होतं.

"मी जयराम," बाबा माइकवर म्हणाला. मग थांबला. मला वाटलं, दुसरं वाक्य विसरला. मी ओठ हलवून सुचवायला लागले. पण तो माझ्याकडे बघत नव्हता. तो गावाकडे वळला, अधिकाऱ्यांकडे त्याची पाठ झाली, आणि त्याने हात जोडले.

"मीठ मी ओढलं. पोरीनं दोन महिने राबून मांडलं होतं, गावासाठी. मी मोडलं. मना वाटलं पाऊस येल. चूक माझी हाय." मग तो वळून टेबलाकडे बघत म्हणाला, "सायेब, गावाचा दोष नाय यात. पोरीचा पन नाय. जी काय शिक्षा असल ती मना एकट्याला करा, गावाला नको. मना माफी करा."

मांडवात कोणीतरी हसलं. बाकीच्यांना काय झालं तेच कळलं नाही. मधल्या अधिकाऱ्याने शेजारच्याला काहीतरी विचारलं, त्याने खांदे उडवले. "ठीक आहे, आजोबा. नोंद घेतली," मधला म्हणाला. टाइप करणाऱ्याची बोटं चालली होती. संपदा उठून उभी राहिली, "सर, यांना म्हणायचंय की आगर चालू आहे, जरा खुलासा करू द्या," पण अठ्ठेचाळिसावा क्रमांक पुकारला गेला होता आणि तो माणूस माइकपाशी पोहोचलाही होता. मी उठले नाही. बाबा टोपी सावरत परत येऊन आईशेजारी बसला. त्याचा चेहरा मोकळा झाला होता, ओझं उतरवून आल्यासारखा.

माफी मला मागायची होती. त्या दिवशी गर्दी होती म्हणून राहिली. पुढच्या रविवारी घरात पाहुणे होते. नंतर पाऊस सुरू झाला, शाळा सुरू झाली. निमित्तांना काय तोटा.

इतिवृत्त मिळवायला संपदाला माहितीच्या अधिकारात अर्ज करावा लागला. दिवाळी झाल्यावर एका दुपारी तिने मला फोनवर ती पानं पाठवली. खाली एवढंच लिहिलं होतं, 'सत्तेचाळीस बघा. सॉरी ताई.' मी स्टाफरूममध्ये उघडून बघितलं. 'श्री. जयराम, मीठ व्यावसायिक. सदर व्यक्तीने आंदोलनस्थळी आपल्या हातून नुकसान झाल्याचे मान्य करून माफी मागितली. प्रकल्पास हरकत : निरंक.' आमच्या लेखी हरकती कुठेतरी परिशिष्टात होत्या. शेवटच्या पानावर मात्र ते जुनं वाक्य पुन्हा आलं होतं, मीठ उत्पादन बंद, जमीन पडीक, आणि त्याला जोड होती, 'सुनावणीत यास कोणत्याही मीठ उत्पादकाने आक्षेप घेतला नाही.' प्रकल्प पुढच्या टप्प्यात गेला होता.

मी रविवारी गावाला गेले. वाटेत आगर लागतं. दिवाळी झाली की बाबा बांध दुरुस्त करायला घेतो, गाळ काढतो, वाफे पायाने तुडवून घट्ट करतो. मी थांबून बघितलं. बांध दोन ठिकाणी फुटलेला होता, वाफ्यांत गवत उभं होतं आणि भरतीचं पाणी हवं तिथे शिरलं होतं. अहवाल लिहिणारा आता आला असता तर त्याला खोटं लिहावं लागलं नसतं.

बाबा ओट्यावर बसला होता. काही करत नव्हता. त्याला असं रिकाम्या हातांनी बसलेलं मी कधी बघितलं नव्हतं.

"आगरात नाही उतरलास या वर्षी?"

"नको," तो म्हणाला. "माझ्या हातनं चूक होते आता." सहज म्हणाला, पाणी गढूळ आहे म्हणावं तसं. मग विचारलं, "तो कागद आला ना? संपदाचा फोन आला होता आईला. काय लिवलंय?"

आई दारात येऊन उभी राहिली.

"तुझं नाव आहे," मी म्हटलं.

"गावाचा दोष नाय, ते लिवलंय?"

मी फोन उघडला. उगाच बोट वरखाली फिरवलं. "लिहिलंय."

"मग बरं झालं," बाबा म्हणाला आणि त्याने आईकडे बघितलं, बघ म्हटलं होतं ना, अशा नजरेने. सहा महिने हा माणूस एवढ्याच काळजीत होता, हे मला तेव्हा कळलं.

मग माझा धीर सुटला. मी त्याच्या पायाशी खालीच बसले. म्हटलं, "बाबा, चूक तुझी नव्हती. चूक माझी होती. तू मीठ वाचवलंस, तेच बरोबर होतं. मी नको ते बोलले तुला. तू पुन्हा उतर आगरात. ऐकतोस ना? तुझी काही चूक नव्हती."

त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला. लहान पोर खोटं बोलून दुसऱ्याची चोरी अंगावर घेतं, तेव्हा कौतुकाने ठेवतात तसा.

"नाय गो," तो म्हणाला. "तू कशाला वाईट वाटून घेतेस? माझीच होती. सरकारनं पन लिवून घेतलंय ना."